विषयाची ओळ

१

सोमवारी वैजनाथाचं दर्शन आटोपलं की शिवगंगाबाई देवळाच्या पायऱ्या उतरून थेट प्रभू टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये यायच्या. कपाळाला विभूती, हातात बेलाचं पान आणि दारातूनच विचारणं, "आलं का हो अप्पा, आमच्या मृत्युंजयचं?"

संगमेश्वरअप्पा लाकडी खुर्ची पुढं सरकवायचे, "बसा" म्हणायचे आणि कम्प्युटरवरचं फडकं उचलायचे. उचललेलं फडकं झटकावं लागे. परळीत राख कुणाला चुकलेली नाही. वीजकेंद्राच्या चिमण्यांवरून वारा गावाकडे फिरला की ती दाराच्या फटीतून, खिडकीच्या जाळीतून, कुलूप लावलेल्या कपाटातही शिरते. त्यासाठी अप्पा दुपारचं शटर कमरेपर्यंत ओढून ठेवत. येणाऱ्यानं वाकून यायचं. आत एक ट्यूबलाइट आणि भिंतीकडेला रेक्झिनच्या टोप्या घालून बसलेली टायपिंगची यंत्रं. पूर्वी इथं सकाळपासून खडखडाट चाले. आता पोरं कम्प्युटर शिकायला लातूरला जाऊ लागली होती. अप्पांनी निम्मी यंत्रं मोडीत काढली, एक कम्प्युटर आणला, टेलिफोनची लाइन जोडली आणि पाटीवर 'ई-मेल पाठवून व वाचून मिळेल' अशी ओळ रंगवून घेतली. शेजारचा पानवाला राधाकिशन म्हणाला होता, "सर, आता टपालवाल्याच्या पोटावर पाय देता का?"

मृत्युंजय त्यांच्याच हाताखाली टायपिंग शिकलेला. वडील, धान्याच्या मोंढ्यातले मन्मथप्पा, तो कॉलेजात असतानाच गेले. पोरगा शिकून पार क्वालालंपूरला नोकरीला लागला. त्याची पत्रं मराठीतच असत, पण इंग्रजी अक्षरांत. ती आईला वाचता येत नसत, म्हणून अप्पा वाचून दाखवत.

यंदा या वाचण्यात अप्पांचाही जीव गुंतला होता. शिवगंगाबाईंनी त्यांच्या शिवांजलीला सून म्हणून मागितली होती. आईविना वाढवलेली एकुलती एक लेक. शिवरात्रीनंतर लग्न, आणि लगेच नवऱ्याबरोबर परदेशी. तेव्हा दर सोमवारी अप्पा दुसऱ्याच्या मुलाचं पत्र वाचत असले, तरी वाचत होते ते आपल्या मुलीचं नशीब.

२

श्रावणात मध्येच पत्रं थांबली. शिवगंगाबाई दोन सोमवार हात हलवत परत गेल्या. तिसऱ्या सोमवारी पत्र आलं. ताप आला होता, दवाखान्यात होतो, आता बरा आहे, काळजी करू नकोस. अप्पांनी वाचून दाखवलं. बाईंनी डोळे पुसले आणि पडद्याच्या वरच्या टोकाला बोट लावलं.

"ते वर काय लिवलंय?"

वर, विषयाच्या जागी, एरवी इंग्रजीत मृत्युंजयचं नाव असे. आज तिथं बरोबरची चिन्हं, प्रश्नचिन्हं आणि त्यांच्या मध्ये कुत्र्यानं चघळल्यासारखी अक्षरं होती. 4KSG4KSI.

"यंत्राचा कचरा हाय, वहिनी."

"कचरा कसा? माझ्या लेकानं धाडलंय ना?"

अप्पांना हे लागलं. विषय हा त्यांचा धर्म होता. टायपिंगला आलेल्या प्रत्येक पोराला पहिल्या दिवशी ते हेच सांगत: अर्जात खरं बोलणं विषयाच्या ओळीत असतं. बाकी 'आपला विश्वासू'पर्यंत सगळा शिष्टाचार. साहेब विषय वाचून सही करतो. हे ऐकून ऐकून पोरं त्यांना मागून 'विषयसर' म्हणत. आणि आज त्यांच्याच दुकानात विषय वाचता येत नव्हता.

कम्प्युटर बसवून देणाऱ्या लातूरच्या मुलाला त्यांनी फोन लावला. त्यानं सांगितलं की जुन्या यंत्राला मराठी विषय दाखवता येत नाही, म्हणून तो वेश बदलून येतो. त्यानं अक्षरांचा एक तक्ता टपालानं धाडला. अप्पा दोन संध्याकाळी त्याच्याशी झटत बसले आणि त्यांना खुबी सापडली. चार इंग्रजी अक्षरं म्हणजे मराठीचं एक अक्षर किंवा एक मात्रा. पहिली तीन जवळजवळ तीच ती, खरं काय ते चौथं. टायपिंगवाल्याच्या बोटांना असलं गणित लवकर पाठ होतं. अडचण एकच होती. दोन शब्दांमधली मोकळी जागा या मापात बसत नव्हती. ती आली की चाराचा हिशेब सरके आणि पुढचं सगळं बिघडे. पण मृत्युंजयनं एकच शब्द धाडला होता.

पुढच्या सोमवारी अप्पांनी बाईंना सांगितलं, "वहिनी, वर लिवलंय, आई."

बाईंनी हातातलं बेलाचं पान कम्प्युटरवर ठेवलं. बाहेरून वाकून बघत राधाकिशन म्हणाला, "सर, आता याला रोज अभिषेक घाला."

३

तेव्हापासून वेश बदललेला शब्द दर सोमवारी येऊ लागला. खालचं पत्र जुन्याच चालीचं. काम जोरात आहे, जेवण बरं आहे, तुम्ही ठरवाल ते मला मान्य. आणि वर एक शब्द.

'बसलोय' असा एक आला. बाई हसल्या. "म्हंजे नोकरीत पक्का बसला म्हना की."

नंतर 'मीठ'. बाईंनी लगेच ताडलं, तिकडचं जेवण अळणी असणार. त्यांनी उत्तरात दोन तऱ्हेच्या लोणच्याची कृती लिहवून घेतली. अप्पांनी ती मुकाट्यानं टाइप केली.

त्यानंतर 'बेल'. हा तर सरळच होता. वैजनाथाच्या गावचं पोरगं, परमुलखात देवाची आठवण झाली.

अप्पांनी शब्द सोडवला, सांगितला, बाई गेल्या. ते फडकं टाकायला उठले आणि हात तसाच राहिला. ते आत, एकटे, ट्यूबलाइटखाली उभे होते. शटरखालून उन्हाची पट्टी येत होती. बसलोय. मीठ. बेल. तीन शब्द त्यांच्या मनात शेजारी येऊन बसले आणि हलेनात.

लिंगायतांच्या घरात माणूस गेला की त्याला जाळत नाहीत. बसवतात. मांडी घालून, ताठ, जसा पूजेला बसला होता तसा. खड्ड्याच्या एका अंगाला देवळीसारखी जागा कोरतात, त्यात बसवतात, आणि मग विभूती, बेल, मीठ. अप्पांनी वडिलांना बसवलं होतं. खड्ड्यात उतरून त्यांनीच मीठ ओतलं होतं. वडिलांच्या मांडीवर मीठ पडतानाचा तो आवाज, सर्रर्र, एकसुरी. त्याची त्यांना कधी भीती वाटली नव्हती. उलट वाटलं होतं, बाबा निवांत बसले. आता कुणी उठवणार नाही.

भीती आज वाटली. कारण निवांत बसलेला माणूस पत्र लिहीत नाही.

त्यांनी स्वतःला दटावलं. पोराला आई आठवली, मीठ आठवलं, देव आठवला. यात वावगं काय? चाराचे गठ्ठे सोडवून सोडवून आपलंच डोकं फिरलंय. त्यांनी शटर पूर्ण वर केलं आणि राख आत येऊ दिली.

४

तरी फोन लावलाच. लांबचा फोन, म्हणून विचारायचं ते आधी मनात घोळवून ठेवलं.

पलीकडे बऱ्याच वेळानं कुणीतरी उचललं. आधी नुसती खरखर. सर्रर्र, एकसुरी. मग मृत्युंजयचा आवाज. आवाज त्याचाच, पण तोंडासमोर घोंगडं धरल्यासारखा, कुठं न आपटता विरणारा.

"सर."

अप्पांनी ख्यालीखुशाली विचारली. त्यानं बरा आहे म्हणून सांगितलं. मग अप्पांनी शक्य तितक्या सहज आवाजात विचारलं, दर पत्राला तो मराठी विषय लिहितो, ते कसं काय जमवलं?

खरखर चालू राहिली.

"सर, मी हल्ली विषय लिवतच न्हाई. रिकामा सोडतो. तुमी रागवाल म्हनून बोललो न्हाई."

अप्पांच्या कानाला रिसीव्हर गार लागला. काहीतरी बोलायचं म्हणून ते म्हणाले, दिवसभर बसून काम असेल, संध्याकाळी जरा मोकळ्यावर फिरत जा.

"बसूनच असतो," तो म्हणाला. मग, कुणाला कळू नये अशा हळू आवाजात, "सर, पाय लांबवायला जागा न्हाई."

लाइन तुटली. परत लावली तर लागली नाही.

परदेशात खोल्या लहान असतात, ऑफिसात लाकडी खोके करून माणसं बसवतात, हे अप्पांनी पेपरात वाचलं होतं. ते त्यांनी स्वतःला दोनदा सांगितलं. यंत्रातून कुठला तरी दुसराच शब्द येऊन चिकटत असेल, असंही सांगितलं. पण चुकून चिकटलेला शब्द 'आई' कसा असेल?

पुढच्या सोमवारी त्यांनी फोन झाल्याचं सांगितलं आणि बाईंना म्हणून पाहिलं की लग्नाआधी कुणीतरी तिकडं जाऊन मुलाला डोळ्यांनी बघून यावं. बाईंचा चेहरा बदलला.

"कावून? त्याचाच आवाज ऐकलात ना? मोडायचं हाय का अप्पा? सरळ सांगा. पोरगी तुमची हाय, पर शब्द साऱ्या गावापुढं गेलाय."

अप्पा काय सांगणार? विषयाच्या ओळीत मीठ आलं म्हणून?

५

'जागा' असा शब्द आला, आणि त्याच्या पुढच्या सोमवारी 'दोघांची'.

शिवगंगाबाई खुर्चीतून उठल्याच. "बगा! तुमी उगी शंका घेत हुता. घर घेतलं माझ्या लेकानं. दोघांची जागा." खालच्या पत्रात घराचं अक्षरही नव्हतं. होतं ते एवढंच, की सरांचा होकार पक्का असेल तर आजच कळवावं, इकडं तयारी करावी लागेल. बाईंनी तिथंच उभ्या उभ्या उत्तर सांगितलं आणि अप्पांच्या बोटांनी ते टाइप केलं. 'होय. पक्कं. शिवांजली तुझीच.' बाई समोर होत्या, डोळ्यांत पाणी होतं. बोटं नाही म्हणाली नाहीत.

बाई पेढे आणायला गेल्या. अप्पांनी गेलेलं पत्र नीट गेलं का म्हणून उघडून पाहिलं.

उत्तर देताना ते नवं पत्र कधी काढत नसत. आलेल्या पत्रावरच 'उत्तर द्या'चं बटण दाबलं की पत्ता आपोआप पडतो, तेवढाच टाइप वाचतो. टायपिंगवाल्याची काटकसर. पण त्या बटणानं पत्त्याबरोबर विषयही परत जातो. अप्पांनी पाहिलं, त्यांच्या होकाराच्या डोक्यावर 'Re' होतं आणि पुढं तोच वेश घेतलेला शब्द. संदर्भ, दोघांची. त्याच्या आधीच्याला, संदर्भ, जागा. त्याखाली शिवगंगाबाईंचं 'लई आनंद झाला'.

खालचं पत्र शिष्टाचाराचं. साहेब विषय वाचून सही करतो. त्यांनी सही केली होती.

६

घरी शिवांजली स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होती, समोर निवडलेली मेथी. दिवा लावायची वेळ झाली तरी उठली नव्हती.

"काय गं, अंधारात?"

"उठवंना, बाबा." ती हसली, पण हसू अर्ध्यावर राहिलं. "पायाला मुंग्या आल्यात. दुपारधरनं असंच हाय. मांडी मोडतच न्हाई."

अप्पांनी तिला काखेत हात घालून उठवलं. उठताना तिच्या गुडघ्यांतून असा आवाज आला, जसं वाळलेलं कातडं ओढावं. तिच्या मांडीवरून काहीतरी सर्रकन खाली सांडलं. पांढरं. अप्पांनी चिमटीत घेऊन पाहिलं. मीठ.

"भाजीला घेताना सांडलं आसंल," शिवांजली म्हणाली.

भाजी अजून चुलीवर गेलेली नव्हती.

त्यांनी तिला विचारलं, तुझ्या मनात हे लग्न आहे ना? ती नेहमीच्या खोडकरपणानं म्हणाली की आता नाही म्हटलं तर शिवगंगाकाकू तिला आणि अप्पांना एकाच विहिरीत ढकलतील. मग भिंतीला धरून उभी राहिली, आणि तोंड फिरवून बोलली.

"दोन राती झाल्या, सपनात कुनीतरी सरकून जागा करून देतं. चेहरा दिसत न्हाई. निसतं सरकतं, आन् म्हनतं, ये."

७

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवांजलीला अंथरुणातून उठताच येईना. मांडी घालूनच ती बसली होती. शेजारच्या जानकीबाईंना तिच्यापाशी बसवून अप्पा दुकानावर आले. वारा गावावर होता. रस्ता राखेनं करडा झालेला. त्यांनी आत शिरून शटर वीतभर फट ठेवून खाली ओढलं.

आज 'उत्तर द्या' नको. त्यांनी कोरं पत्र काढलं. खाली काहीच लिहिलं नाही. विषयाच्या ओळीत बोटांनी एकेक गठ्ठा टाइप केला, वेश चढवून, जसा तिकडून येतो तसा. न. काना. ह. दीर्घ ईकार. नाही.

पाठवलं, आणि खुर्चीत मागं रेलले. छाती हलकी झाली. अखेर स्वतःच्या तोंडानं बोललो, स्वतःच्या विषयात.

मोडेमची खरखर थांबायच्या आत उत्तर आलं. आजवर कधी इतक्या लवकर आलं नव्हतं. खाली कोरं. वर दोनच गठ्ठे. अप्पांना तक्ता बघावाही लागला नाही.

मग.

त्यात राग नव्हता. मोंढ्यात सौदा फिसकटला की समोरचा शांतपणे विचारतो तसं. मग? मग कोण? मग काय?

फोन तर लागत नाही. समजूत काढली पाहिजे. त्यांनी लिहायला घेतलं, 'मी येऊन बोलतो'. म. दीर्घ ईकार. मी. आता मोकळी जागा. आणि तिथंच नेहमीचा घोळ. जागा दिली की चाराचा हिशेब सरकणार, पुढचं कुणाला वाचता येणार नाही. बोट अडखळलं. एवढं पुरे, ते मनाशी म्हणाले, हाक मारल्यासारखं होईल, बाकीचं मागाहून एकेक शब्द करून धाडू. आणि पाठवलं.

पाठवल्यावर त्यांनी दोन्ही ओळी वर-खाली पाहिल्या.

मग.

मी.

आयुष्यभर पोरांना सांगत आले होते, पाठवायच्या आधी एकदा वाच.

वीज गेली. ट्यूबलाइट विझला, पण बॅटरीवर कम्प्युटर टिकटिकत राहिला, आणि पडद्याच्या निळ्या उजेडात शेवटचं पत्र येऊन बसलं. तीन गठ्ठे. ब. स. काना. दर सोमवारी खुर्ची पुढं करून ते स्वतः म्हणत आले होते, तेच. वडीलधाऱ्याला म्हणावं तसं, आदरानं.

बसा.

मग पडदाही विझला.

त्यांनी उठायला जोर लावला तेव्हा कळलं की आपण खुर्चीवर मांडी घालून बसलो आहोत. कधी घातली, आठवेना. मांडी मोडेना. टेलिफोनची लाइन मेलेली होती, तरी सर्रर्र चालूच होती. ओठांवर राख असेल म्हणून त्यांनी जीभ फिरवली. खारट.

शटरखालच्या फटीतून येणारी उन्हाची पट्टी पडद्याच्या काळ्या काचेवर पडली होती. त्यात त्यांना बसलेले ते स्वतः दिसले. आणि खांद्याला खांदा लागून दुसरं कुणीतरी, तसंच मांडी घातलेलं, मान खाली, कपाळ पांढरं. ते जरा सरकलं. जागा करून दिल्यासारखं.

बाहेर पळत आलेल्या चपलांचा आवाज झाला. शटरवर थाप पडली. "बाबा, उघडा की. पाय मोकळे झाले माझे. घरापासून पळत आले, बगा." फटीतल्या उजेडात तिची पावलं दिसत होती. ती एका जागी ठरत नव्हती. नाचत होती. अप्पांनी त्या पावलांकडे पाहिलं, आणि त्यांना रडू आलं तितकाच आनंदही झाला. हाक मारायला त्यांनी तोंड उघडलं. तोंड भरलेलं होतं.

"राधाकिशनकाका, बाबा कुठं गेलेत?"

पानाच्या ठेल्यावरून राधाकिशनचा आवाज आला, सावकाश, चुना लावता लावता.

"कुठं जातेत? आतच हायेत की. बसलेत."